रोजचं शब्दकोडं सोडवायचं कसं, आणि त्यातनं चार गोष्टी डोक्यात ठेवायच्या कशा

पेपरातलं शब्दकोडं बघून बरेच जण म्हणतात, आपल्याला नाही बा जमत, आपलं जनरल नॉलेज कच्चं आहे. पण कोडं सोडवायला जनरल नॉलेज आधी लागतंच असं नाही, बरंचसं ते सोडवून झाल्यावर येतं. सोडवायला लागते पेन्सिल, खोडरबर आणि चौकोन मोजायची सवय. पेनने कोडं भरणारे लोक मला माहितीयेत, सकाळी आमच्या सोलापुरातल्या 'सात रस्ता' चौकातल्या टपरीवर चहा पिता पिता आख्खं कोडं पेनने भरतात आणि मग खालचा कोपरा असा गिरगटलेला असतो की स्वतःचं अक्षर स्वतःला लागत नाही. पेन्सिल घ्या.

आधी चौकोनाचं गणित समजून घ्या, कारण मराठी कोड्यात हेच महत्त्वाचं असतं. एका चौकोनात एक अक्षर, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं धरून एक. जोडाक्षर पण एकाच चौकोनात. त्यामुळे सोलापूरला चार घरं लागतात, पंढरपूरला पाच, मंगळवेढ्याला पाच, पण बार्शी दोनच घरात बसते, बा आणि र्शी. अक्कलकोट पाच घरांचं, अ-क्क-ल-को-ट. नवीन माणूस इथंच फसतो, 'विठ्ठल' चार घरांचा धरतो आणि मग म्हणतो कोडं चुकलंय. विठ्ठल तीनच घरांचा. सोलापूर जिल्ह्याचे अकरा तालुके आहेत, ते एकदा बोटावर मोजून बघा, माढा किती, माळशिरस किती, करमाळा किती, पाच मिनिटात हात बसतो.

दुसरं म्हणजे जिथं आडवा आणि उभा शब्द एकमेकाला छेदतात तिथं नुसतं अक्षर जुळून भागत नाही, वेलांटी-उकार पण जुळायला पाहिजे. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार साधारण दीर्घ लिहितात, कवी, रवी, गुरू, पण तोच शब्द पुढं जोडला गेला की ऱ्हस्व होतो, रविवार, गुरुवार. म्हणजे 'सूर्य, दोन अक्षरी' असेल तर रवी, दीर्घ वी. आता त्याच वीमधनं खाली शब्द सुरू होत असेल तर तो वीणा, वीज, वीट असला काहीतरी असणार, विडा किंवा विहीर नाही. कडक रचनाकार हे पाळतात, काही जण मात्र वि आणि वी एकच धरून मोकळे होतात, ते आपल्या पेपरचं आठवडाभरात कळून येतं.

सुरुवात एक आडवा पासून करायचीच असा काही कायदा नाही. सगळी सूत्रं, म्हणजे शब्द ओळखायला दिलेल्या खुणा, एकदा वाचून काढा आणि ज्यात नाव, गाव, साल असं काहीतरी पक्कं आहे ते आधी भरा. 'हताश', 'सुंदर', 'भांडण' असली सूत्रं मागं ठेवा, कारण त्यांना समानार्थी शब्द डझनभर असतात आणि कुठला बसणार ते छेद देणारं अक्षर आल्याशिवाय कळत नाही. 'नवऱ्याची बहीण' म्हणजे नणंद, तिथं दुसरं काही येऊच शकत नाही, ते भरा. 'राग' मात्र सोडा, तो क्रोध असेल, संताप असेल, नाहीतर यमन पण असेल.

सूत्राचं व्याकरण बघा, फुकटची अक्षरं मिळतात. सूत्र 'करणे' सारखं क्रियापद असेल तर उत्तराच्या शेवटी णे येणार, लिहून टाका फिकट. सूत्र अनेकवचनी असेल तर उत्तर पण अनेकवचनी, 'झाडांचे अवयव' म्हटलं तर पान नाही, पाने. आणि 'उलट केल्यास' असलं काही असेल तर चौकोन उलटायचे, मात्रा नाही. दीन उलटला की नदी होते, दी आणि न आहे तशी जागा बदलतात. पण तार उलटली तर रात होत नाही हां, र-ता होतो, काना त्याच्या घराबरोबर जातो. उलट-सुलट सारखे वाचायचे शब्द तर रचनाकारांचे लाडके, नयन, कनक, कडक, सरस, नवीन, जलज. पाच अक्षरी पाहिजे असेल तर नवजीवन.

एक छोटं कोडं घेऊन दाखवतो. तीन बाय तीनची चौकट, मधलं घर काळं, बाकी आठ घरं भरायची. सूत्रं अशी:

आडवे १. भीमा नदीवरचे धरण (३)
आडवे ३. कमळ (३)
उभे १. गायकाला ऐनवेळी सुचणारी कल्पना (३)
उभे २. भालाफेकपटू चोप्रा (३)

सोलापूरचा माणूस पहिलं डोळे झाकून भरेल, उजनी. उ, ज, नी. आता उजवीकडनं खाली जाणारा चोप्रा म्हणजे नीरज, त्याचा नी उजनीच्या नीवर बरोबर बसला, म्हणजे दोन्ही शब्द पक्के, एकमेकाचे साक्षीदार झाले. आता खालच्या ओळीतलं कमळ. ज्यानं हे सूत्र पहिल्यांदा वाचलं तो लगेच पंकज लिहून बसेल, किंवा सरोज. शेवटचा ज तर नीरजमुळे मिळालेलाच आहे, दोन्ही बसतात, अंबुज पण बसतो. म्हणून थांबायचं. डावीकडची उभी ओळ बघायची, उ पासून सुरू, तीन अक्षरी, गाण्यातलं काहीतरी. उपज. म्हणजे खालच्या ओळीचं पहिलं अक्षर पण ज. ज ने सुरू, ज ने शेवट, अर्थ कमळ: जलज. पंकज लिहिलं असतं तर उपज कधीच सापडला नसता आणि तुम्ही गाण्यातलं काही कळत नाही म्हणून स्वतःला दोष देत बसला असता. छेद मिळेपर्यंत समानार्थी शब्द ठाम लिहायचा नाही, हा एकच नियम पाळला तरी निम्मी कोडी सुटतात.

कमळाचा विषय निघालाच आहे तर पाण्याची गंमत सांगतो, ही एक गोष्ट पाठ झाली की वर्षभर पुरते. पाण्याला जल, नीर, अंबु, तोय, वारि असे शब्द आहेत. त्याला ज लावला, म्हणजे पाण्यात जन्मलेलं, की कमळ: जलज, नीरज, अंबुज. द लावला, म्हणजे पाणी देणारा, की ढग: जलद, नीरद, अंबुद, तोयद, वारिद. आणि धी लावला, म्हणजे पाणी साठवणारा, की समुद्र: जलधी, अंबुधी, वारिधी. आता 'ढग, तीन अक्षरी, शेवटी द' आलं तर डोकं खाजवायचं कारण नाही, पाण्याचा कुठला शब्द छेदाला बसतोय तेवढं बघायचं. तसंच कर म्हणजे करणारा, दिनकर सूर्य, निशाकर चंद्र. घोकंपट्टी करायची नाही, जोडणी कळली की शब्द आपोआप तयार होतात.

पुराणातली सूत्रं बघून तरुण पोरं घाबरतात. घाबरू नका, रचनाकार फिरून फिरून त्याच पन्नासेक नावांवर येतो, कारण त्याला दोन-तीन घरांचे शब्द पाहिजे असतात. अज्ञातवासातला युधिष्ठिर म्हणजे कंक. हा कंक इतक्या वेळा येतो ना, की बास. भीम बल्लव, अर्जुन बृहन्नडा, द्रौपदी सैरंध्री. शंख विचारला तर कृष्णाचा पांचजन्य, अर्जुनाचा देवदत्त, भीमाचा पौंड्र. धनुष्य विचारलं तर अर्जुनाचं गांडीव, शंकराचं पिनाक, रामाचं कोदंड. वालीची बायको तारा, सुग्रीवाची रुमा. वालीचा मुलगा अंगद. इंद्राचा हत्ती ऐरावत.

कवींची टोपणनावं हा पण हक्काचा माल. कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर, गोविंदाग्रज म्हणजे गडकरी, इथं 'अग्रज' बघून लोक घोळ करतात. केशवसुत म्हणजे दामले आणि केशवकुमार म्हणजे अत्रे, इथं 'केशव' बघून घोळ करतात. ग्रेस म्हणजे गोडघाटे, आरती प्रभू म्हणजे खानोलकर, आणि एक अक्षरी कवी पाहिजे असेल तर बी, आडनाव गुप्ते.

परदेशी सूत्रांचं काही विशेष नाही, लहान शब्द लक्षात ठेवायचे. येन जपानचं, क्यात म्यानमारचं, टाका बांगलादेशचा. लिमा पेरूची राजधानी, आणि पेरू स्वतः 'एक देश आणि एक फळ' म्हणून येतो. जुनी मापं मात्र घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पुस्तकापेक्षा पटकन सांगतात. रुपयाचा सोळावा भाग आणा, चाळीस शेरांचा मण, वीस मणांची खंडी, चार शेरांची पायली, शेराचा सोळावा भाग छटाक, बारा माशांचा तोळा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि आण्यांचा हिशोब गेला, पण कोड्यात आणा अजून चालतो.

आमच्या शेजारी एक अण्णा आहेत, सगळं आयुष्य मागावर गेलं, घरात तेलुगू बोलतात, पेपर मराठी वाचतात. एकदा मी अडलो होतो.

"अण्णा, विणकामातला आडवा धागा, दोन अक्षरी?"

"बाणा. उभा असतो तो ताणा. सोलापुरात राहतो अन् एवढं बी म्हाईत नाही का रं तुला?"

"आणि तो इकडून तिकडं पळणारा?"

"धोटा. लिही. बाकी काय असंल तर चहा झाल्यावर विचार."

तर सांगायचा मुद्दा, माणसाला विचारणं ही चीटिंग नाही. ज्याचा जो धंदा त्याच्याकडं त्याचे शब्द असतात, आणि विचारून कळलेलं विसरत नाही. मोबाईलवर सूत्र जसंच्या तसं टाकून उत्तर उचलणं मात्र मला पटत नाही. त्यानं चौकोन भरतो, पण पुढच्या महिन्यात तेच सूत्र आलं की परत मोबाईल. माझी पद्धत अशी की सोडवताना मोबाईल बाजूला, आणि कोडं झालं (किंवा हात टेकले) की मग मोबाईल हातात, आणि तेव्हा पण उत्तर शोधायचं नाही, विषय शोधायचा. रोज एकच सूत्र घ्यायचं. सगळ्या वीस सूत्रांची माहिती काढत बसलात तर आठवड्यात कंटाळाल, ऑफिसला लेट व्हाल ते वेगळंच.

आता हे एक सूत्र कसं ओढायचं ते बघा. समजा आज आलंय 'महाराष्ट्राचा राज्यप्राणी (३)'. शेकरू. लिहिलं, झालं. पण शेकरू म्हणजे काय, तर मोठी झाडावरची खार, आणि तिच्यासाठी ओळखलं जाणारं अभयारण्य भीमाशंकरचं. भीमाशंकर म्हणजे भीमा नदीचा उगम. तीच भीमा पुढं उजनीला अडवलीय, माढा तालुक्यात, त्या जलाशयाचं नाव यशवंतसागर. पेपरात आपण रोज वाचतो, उजनी इतके टक्के, उजनी मायनसमध्ये गेली, आता धरण मायनसमध्ये जातं कसं? तर एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्यातला ६३ च्या वर मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी, आणि टक्केवारी मोजतात ती फक्त वरच्या उपयुक्त पाण्याची, ते संपून मृतसाठ्याला हात लागला की आकडा शून्याच्या खाली. म्हणजे मायनस म्हटलं तरी धरण कोरडं नसतं. पुढं नीरा नरसिंगपूरला नीरा येऊन मिळते. पंढरपुरात हीच नदी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा. पुढं दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलला सीना मिळते, मग कर्नाटकात जाऊन भीमा कृष्णेला मिळते. आता यातलं काय काय कोड्यात येऊ शकतं ते मोजा: शेकरू, भीमा, उजनी, नीरा, सीना, चंद्रभागा, माढा, कृष्णा. एका खारीवरनं आठ उत्तरं. सुटी माहिती राहत नाही डोक्यात, नदीबरोबर ओळीनं आली की राहते.

हत्तरसंग कुडलपाशी जरा थांबू, कारण तिथं कोड्यातला मोठा खड्डा आहे. 'मराठीतील आद्य शिलालेख' असं सूत्र येतं. शाळेत शिकलेला माणूस श्रवणबेळगोळ म्हणणार, गोमटेश्वराच्या पायाजवळचा. सोलापूरवाला छाती फुगवून कुडल म्हणणार, शके ९४०, म्हणजे सन १०१८, त्यात वाचणारा विजयी होईल अशा अर्थाची मराठी ओळ आहे. आणि अलिबागकडचा माणूस म्हणणार अक्षी, शके ९३४, म्हणजे त्याहून सहा वर्षं आधी. अभ्यासकांचे वाद आहेत, ते चालू राहतील. आपण काय करायचं, तर घरं मोजायची. दोन अक्षरी असेल तर अक्षी, तीन असेल तर कुडल, सात असेल तर श्रवणबेळगोळ. 'पहिला', 'आद्य', 'सर्वात मोठा' असले शब्द सूत्रात दिसले की तुमचं मत बाजूला ठेवा, रचनाकाराचं मत चौकोनात लपलेलं असतं. वहीत मात्र तिन्ही लिहून ठेवा.

वहीचं सांगायचं राहिलं. जाड वही नको, खिशात मावेल अशी पाहिजे. तारीख, सूत्र, उत्तर आणि त्याखाली एक ओळ जास्तीची. ती जास्तीची ओळ म्हणजेच माहिती. उदाहरणार्थ 'चीनमध्ये सेवा केलेले सोलापूरचे डॉक्टर (४)', उत्तर कोटणीस. जास्तीची ओळ: १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं त्यातले एक, ९ डिसेंबर १९४२ ला तिकडंच वारले, वय ३२. आणखी जागा असेल तर, मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं होतं, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. किंवा 'मार्शल लॉ लागलेले शहर (४)', उत्तर आपलं सोलापूरच. जास्तीची ओळ: मे १९३०, आणि धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन, शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. चार हुतात्मा चौकातनं आपण रोज जातो, हॉर्न वाजवत, चारी नावं सांगा म्हटलं तर तीनवर अडतो. कोड्यात एकदा आलं की अडत नाही. नीरज चोप्राच्या खाली लिहा, ऑलिम्पिकचं नाव टोकियो २०२०, पण सुवर्ण मिळालं ऑगस्ट २०२१ मध्ये, ८७.५८ मीटर. स्पर्धा परीक्षेचं करणाऱ्या पोरांना असले नाव-एक-साल-दुसरं प्रश्न लई सतावतात, त्यांनी तर कोडं सोडवावंच. आणि कुणी विचारलं की हे कोड्याचं खूळ आलं कुठनं, तर पहिलं आधुनिक शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्क वर्ल्ड या पेपरात आलं, आर्थर विन नावाच्या माणसानं केलेलं, आणि ते चौकोनी नव्हतंच, शंकरपाळ्यासारखं होतं.

अडलात तर काय? कोडं बाजूला ठेवा आणि दुपारी डब्याच्या वेळेला परत बघा. भाकरी-शेंगा चटणी खाता खाता सकाळी न सुटलेलं सूत्र सुटतं, कसं ते मला विचारू नका. तरी अडलं तर जो शब्द तुम्हाला एकदम पक्का वाटतोय तोच आधी खोडून बघा, बहुतेक वेळा घाण तिथंच असते, आणि तो शब्द सहसा समानार्थी जातीचा असतो. एखाद्या कोपऱ्यात पाच घरं रिकामी राहिली तर राहू द्या. आणि खोलात जायचं असेल तर मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे, साल-गाव तिथनं ताडून घ्या, फॉरवर्ड आलेल्या मेसेजवरनं नको.

दुसऱ्या दिवशी उत्तर येतं तेव्हा नुसतं बरोबर-चूक करून पान उलटू नका. तुमचा शब्द वेगळा निघाला पण सगळ्या छेदांना बसत असेल तर तो पण वहीत लिहा. आणि कधी कधी छापलेलं उत्तरच गंडलेलं असतं, सूत्राचा नंबर एक आणि घर दुसरंच, किंवा तीन घरांच्या जागी चार अक्षरी शब्द, तेव्हा उगाच तासभर स्वतःवर शंका घेत बसायचं नाही, चौकोन मोजायचे, बसत नसेल तर काट मारायची आणि आजचं नवीन कोडं घ्यायचं.